नगरपालिकेची आइस रिंक आणि बेसबॉलची मैदानं कशी सांभाळायची

ऑन्टारिओतल्या एका छोट्या गावात मी नगरपालिकेच्या क्रीडा खात्यात सुपरवायझर आहे. छताखालची एक रिंक (बर्फावर स्केटिंग-हॉकी खेळायची जागा), हिवाळ्यापुरती उघड्यावर केलेली एक, आणि बेसबॉल-सॉफ्टबॉलची चार मैदानं माझ्याकडे आहेत. माहेर कोल्हापूर. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली इथे कॉलेज संपवून पालिकेत अरीना अटेंडंट म्हणून लागतात आणि मग फोन येतो, "ताई, नेमकं काम काय असतं?" प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच काढते.

मशीन चालवायला एक हिवाळा पुरतो. कधी बंद ठेवायचं, हे कळायला मात्र पुष्कळ पावसाळे-हिवाळे जावे लागतात. रिंक काय, मैदान काय, खेळून सहसा खराब होत नाही. मऊ असताना, ओलं असताना, कोणीतरी डोक्यावर बसलंय म्हणून खेळू दिलं की खराब होतं. खाली जे काही सांगतेय ते या एकाच गोष्टीभोवती फिरतं, हे ध्यानात ठेवा.

आधी वर्ष समजून घ्या. ऑगस्टच्या शेवटी बर्फ घालायला घ्यायचा, मार्च-एप्रिलमध्ये काढायचा. मैदानं मेमध्ये उघडायची, ऑक्टोबरमध्ये मिटवायची. म्हणजे सप्टेंबरात दोन्ही चालू आणि माणसं तेवढीच. रजा मागायचीच तर नोव्हेंबरात मागा.

बर्फ घालणं

नॉर्थ अमेरिकन हॉकीची रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. लोकांना वाटतं पाणी ओततात आणि गोठवतात. तसं केलंत तर फुगे धरलेला, उंचसखल, पापुद्रे सुटणारा बर्फ मिळेल. खाली काँक्रीटचा स्लॅब असतो, त्यात नळ्यांचं जाळं, आणि नळ्यांतून कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी फिरतं. त्याला सगळे ब्राइन म्हणतात. हे ब्राइन साधारण उणे ९ अंशांवर ठेवतात. स्लॅब पूर्ण थंड झाल्याशिवाय पाण्याचा पाइप हातात घ्यायचा नाही.

मग फवारा. फवारा म्हणजे अगदी धुक्यासारखा बारीक. पहिले एक-दोन थर नुसते स्लॅबला चिकटण्यापुरते. त्यावर पांढरा रंग, कारण खालचं काँक्रीट करडं असतं आणि करड्या बर्फावर काळी पक (हॉकीची रबरी चकती) दिसत नाही. रंगावर पुन्हा पाण्याचा फवारा मारून तो आत कोंडायचा, मग दोरी ताणून रेषा. मधली लाल रेष आणि दोन्ही निळ्या रेषा १२ इंच रुंद, गोलची रेष फक्त २ इंच. रेषा कोंडल्या की पुन्हा थरावर थर, जाडी इंच-सव्वा इंच होईपर्यंत. हे काम रात्रंदिवस पाळ्या लावून चालतं आणि त्यात घाई करणाऱ्याला मी पाइपला हात लावू देत नाही. एक थर गोठायच्या आत दुसरा मारला की मध्ये हवा राहते, आणि ती हवा जानेवारीत कुणाच्या तरी स्केटखाली टवका होऊन निघते.

दीड इंचाच्या वर बर्फ जाऊ देऊ नका. बर्फ स्वतःच थंडी अडवतो. जाडी वाढली की वरचा पृष्ठभाग थंड ठेवायला कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि विजेचं बिल पाहून वरचे साहेब फोन करतात. दर आठवड्याला ड्रिलने ठरावीक जागी छोटी भोकं पाडून जाडी मोजायची आणि नकाशावर लिहायची. बोर्डांच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या कठड्याच्या, कडेला बर्फ चढत जातो, गोलच्या तोंडाशी झिजतो. कडेसाठी एजर नावाचं हातमशीन आहे. ते चालवायला कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे टाळतात. तुमची रिंक कशी सांभाळली जाते हे पाहायला कुणी आलं, तर तो मधला चकचकीत बर्फ बघणार नाही. बोर्डाच्या कडेची चढण बघेल.

दर वर्षी नेमका बर्फ घालायच्या दिवसांत आपल्या मंडळींचा फोन येतो. "अहो, अरीनाचा हॉल केवढा मोठा आहे, गणपतीला पाच दिवस द्या की!" हॉल मोठा आहे हे खरं, पण गणपती येतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात आणि तेव्हा तिथे मी पांढरा रंग मारत असते. कम्युनिटी सेंटरचा छोटा हॉल वर्षभर आधी बुक करा, एवढंच सांगते. तेही कुणी ऐकत नाही.

फ्लड

खेळाच्या मध्ये बर्फ नवा करणं म्हणजे फ्लड. कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावात फ्रँक झॅम्बोनी या गृहस्थांनी १९४९ साली त्यासाठी मशीन बनवलं. त्याआधी हेच काम तीन-चार माणसांना तासभर पुरायचं. आमच्याकडचं मशीन ऑलिम्पिया नावाचं आहे, इथेच एल्मायरात बनलेलं. गावाला त्याचं काय! पोरं त्यालाही झॅम्बोनी म्हणूनच हात करतात.

आत काय चालतं ते सांगते. सहा फुटांहून लांब पातं बर्फाचा पातळ पापुद्रा तासतं, तासलेला चुरा स्क्रूने वर टाकीत जातो, मागून धुण्याचं पाणी खाचांतली घाण काढतं, आणि शेवटी फडक्यावरून गरम पाणी पसरतं. हो, गरम, ६० ते ७० अंश. नवी माणसं हमखास विचारतात, बर्फावर गरम पाणी कशाला? गरम पाण्यात हवा कमी विरघळलेली असते आणि ते खालचा थर किंचित वितळवून त्यात मिसळतं, म्हणून गोठल्यावर एकजीव होतं. थंड पाणी वरच्या वर गोठतं आणि पापुद्र्यासारखं सुटतं.

किती तासायचं आणि किती पाणी सोडायचं, हे पुस्तकात मिळत नाही. दहा वर्षांच्या मुलांच्या सरावानंतर जवळजवळ काहीच तासावं लागत नाही. मोठ्यांच्या सामन्यानंतर खाचा खोल असतात, तिथे पातं थोडं खाली. शेवटचा सामना संपल्यावर रात्री भरपूर तासून भरपूर पाणी द्या, कारण गोठायला सकाळपर्यंत वेळ आहे. दोन सामन्यांच्या मध्ये पाणी जास्त सोडलंत तर मुलं ओल्यावर उतरतील आणि तुमचा सगळा फ्लड दोन मिनिटांत चिरला जाईल.

ओल्यावर उतरू न देणं हेच अर्धं काम. फ्लड संपलं, मशीन बाहेर गेलं, मोठं दार बंद झालं आणि मी मान हलवली, की मग पोरांनी उतरायचं. मशीन बर्फावर असताना एकही माणूस बर्फावर नको, गोलची जाळी हलवणारा कोचसुद्धा नको. चालकाला मागचं धड दिसत नाही. एक कोच रागावून म्हणाला होता, "माझी चार मिनिटं गेली." मी त्याला दाराच्या काचेतून ओली चकाकी दाखवली. "ही चकाकी मावळेपर्यंत थांबा," म्हटलं. पुढच्या वेळेपासून तोच पोरांना दारात अडवून धरायला लागला.

पातं बदलताना दोन माणसं आणि जाड हातमोजे. यावर चर्चा नाही.

तापमानाचं एक गणित आहे ते वेळापत्रकात घुसवावं लागतं. हॉकीवाल्यांना कडक, वेगवान बर्फ हवा, पृष्ठभाग उणे ५-६ अंश. फिगर स्केटिंगवाल्यांना थोडा मऊ, उणे ३-४, कारण उडी मारून उतरताना पातं बर्फात रुतायला हवं. आता ब्राइनचा आकडा बदलला म्हणून बर्फ लगेच बदलत नाही, तास-तास लागतात. म्हणून फिगर स्केटिंगचे तास एकत्र, सलग ठेवा. मंगळवारी एक, गुरुवारी एक, हॉकीच्या मध्ये पाचर मारल्यासारखे दिलेत तर दोघंही रोज तक्रार करतील आणि दोघांचंही बरोबर असेल.

ज्याची भीती बाळगायलाच हवी

यंत्रखोलीत अमोनिया असतो. थंड करण्यासाठी तो उत्तम आणि जुना वायू आहे, म्हणून कॅनडातल्या कितीतरी रिंकांवर तोच आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावात १७ ऑक्टोबर २०१७ रोजी पालिकेच्या रिंकच्या यंत्रखोलीत अमोनिया सुटला आणि तिथे काम करणारी तीन माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं: ब्राइन थंड करणाऱ्या चिलरमधून अमोनिया ब्राइनमध्ये झिरपतोय हे त्या वसंतातच कळलेलं होतं, चिलर जुना झालेला होता, आणि तरी हंगाम सुरू होताना तो पुन्हा चालू केला गेला. हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते, यंत्रखोलीच्या दारात उभं करून.

म्हणून नियम. अमोनियाचा वास अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. वास आला की बघायला आत जायचं नाही. अलार्म दाबायचा, इमारत रिकामी करायची, वारा जिकडून येतोय त्या बाजूला लोकांना न्यायचं आणि ९११ लावायचा. कुठून येतोय हे शोधणं ज्यांच्याकडे श्वसनयंत्र आणि परवाना आहे त्यांचं काम. ब्राइनमध्ये अमोनिया उतरलाय का याची तपासणी ठरलेल्या दिवशी करायची, आणि आकडा हलला तर त्याच दिवशी लेखी वर कळवायचं. हंगाम तोंडावर आहे, स्पर्धा आहे, महापौर फीत कापणार आहेत, ही कारणं त्या कागदावर नसतात.

दुसरा धोका दिसत नाही आणि सहसा वासानेही कळत नाही. मशीन प्रोपेनवर चालत असेल तर त्याच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड निघतात, आणि थंड बर्फावरची हवा बोर्डांच्या आत साठून राहते, म्हणजे बरोबर लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर. फ्लडच्या वेळी पंखे चालू हवेत. वीज वाचवायला कुणी पंखे बंद ठेवले तर त्याला घरी पाठवा. एकाच सरावानंतर चार-पाच मुलांचं डोकं दुखतंय असं कुणी आई सांगायला आली, तर "पाणी कमी प्यायलं असेल" म्हणू नका. रिंक रिकामी करा आणि हवेतले वायू मोजायचा मीटर लावा. विजेवरचं मशीन घेता आलं तर हा प्रश्नच मिटतो. आम्ही घेतलं. महाग आहे, पण मला रात्री झोप लागते.

कुणाला किती तास

रिंकवरचा तास ५० मिनिटांचा, उरलेली १० फ्लडची. संध्याकाळ आणि शनिवार-रविवार म्हणजे प्राइम टाइम. तो सगळ्यांना हवा असतो: लहान मुलांची हॉकी, मुलींची हॉकी, फिगर स्केटिंग, रिंगेट (१९६३ साली याच प्रांतात, नॉर्थ बेला सुरू झालेला खेळ, पकऐवजी रबरी कडं आणि सरळ काठी), आणि दिवसभर ऑफिस करून आलेले बाप्ये ज्यांना रात्री अकरा वाजता का होईना पण खेळायचंच असतं.

वाटप करताना एकच गोष्ट करा. नियम आधी लिहा, कौन्सिलकडून मंजूर करून घ्या, आणि मगच अर्ज उघडा. नियमात गावातली नोंदलेली मुलं किती, हा आकडा वर हवा. "आम्ही तीस वर्षं बुधवारी सातला येतोय" हा युक्तिवाद ऐकायला गोड असतो. पण तीस वर्षांपूर्वी मुलींची टीमच नव्हती, मग त्यांनी कुठे जायचं? जुन्या क्लबचा एक तास काढून नव्या मुलींच्या टीमला दिला तेव्हा मला गावातल्या किराणा दुकानातसुद्धा लोक टाळत होते. आकडे भिंतीवर लावले होते म्हणून निभावलं.

न वापरलेला तास परत करायची तारीख ठरवा आणि ती उलटली की पैसे भरावेच लागतील असं ठेवा. नाहीतर मोठे क्लब सगळं अडवून ठेवतात आणि ऐन वेळी "नको" म्हणतात.

सगळ्यांसाठीचं स्केटिंग कुणालाही देऊ नका. रविवारची दुपार गावाची. ज्यांची मुलं कुठल्याच क्लबात नाहीत, जे परवाच टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून राहायला आलेत, ते त्याच तासाला येतात. भाड्याने हेल्मेट आणि ढकलत चालायच्या चौकटी ठेवा. आपल्या बायका पहिल्या दिवशी बोर्डाला घट्ट धरून अख्खी फेरी मारतात, महिन्याभराने तेच हात कमरेवर असतात. आपल्याकडे शिमल्यात १९२०पासून नैसर्गिक बर्फावर स्केटिंग चालतं, तेव्हा हे आपल्याला जमणार नाही असं काही नाही.

उघड्यावरची रिंक

मोठ्या शहरांत उघड्यावरही खालून थंड केलेल्या रिंका असतात. आमच्यासारख्या गावात पाइप, स्वयंसेवक आणि थंडी. सलग काही दिवस, रात्री आणि दिवसाही, उणे ५च्या खाली पारा राहिला की सुरू करा, त्याआधी केलेली मेहनत पाण्यात जाते. इथेही पातळ थरच. हिमवर्षाव झाला की आधी हिम काढा, मग पाणी. हिमावर ओतलेलं पाणी वर कडक आणि खाली पोकळ कवच करतं, त्यात मुलाचा पाय जातो.

जागा मात्र डांबरावर किंवा बास्केटबॉलच्या कोर्टवर निवडा. बेसबॉलच्या आउटफिल्डवर (मैदानाच्या लांबच्या गवताळ भागावर) "मोकळंच तर आहे" म्हणून रिंक करू नका. बर्फाच्या पत्र्याखाली गवत गुदमरतं आणि मेमध्ये तिथे रिंकच्या आकाराचा पिवळा चौकोन उगवतो. पुढे सगळा उन्हाळा मला त्याच्याकडे बघावं लागतं.

या रिंकचा भरवसा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. ऑटावातल्या रिडो कालव्यावर ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा मार्ग असतो. १९७०-७१पासून दर हिवाळ्यात उघडणारा तो मार्ग २०२२-२३मध्ये पहिल्यांदाच उघडला नाही. राजधानीची ही गत, तर आपण फलकावर तारीख कशाला लिहायची? "हवामानावर अवलंबून" एवढंच लिहा. आणि उघडायचं की नाही हे एकाच माणसाने ठरवायचं.

डायमंड

बर्फ काढताना मशीनने जेवढा तासता येईल तेवढा तासा, उरलेला स्लॅब गरम करून सैल करा, आणि रंगाचं पाणी पावसाच्या गटारात सोडू नका, ते नदीत जातं. पुढे बाहेर.

मला इथे खरं घरच्यासारखं वाटतं ते डायमंडवर, म्हणजे बेसबॉलच्या मैदानावर. इनफिल्डची, म्हणजे बेसच्या आसपासच्या भागाची, माती तालमीतल्या हौद्यासारखी आहे: तिला रोज उकरायचं, समतल करायचं, आणि पाण्याचा हात राखायचा. फक्त ताक आणि हळद घालत नाही एवढंच. वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं ते मिश्रण असतं. कोरडं पडलं की विटेसारखं कडक होतं आणि चेंडू उसळून पोराच्या तोंडावर येतो; ओलं राहिलं की चिखल. मधली ओल धरून ठेवणं हे कसब. खेळाच्या आधी पाणी मारा, पण ते मुरायला वेळ द्या.

पावसानंतर उघडायचं की नाही? टाचेने दाबून बघा. ठशात पाणी चढलं तर बंद. नाही चढलं तर मूठभर माती घेऊन आवळा. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर चालेल, नुसता दबला आणि बोटाला चिकटला तर उद्या. निर्णय रोज ठरलेल्या वेळी, आमच्याकडे चार वाजता, आणि एकदा "बंद" झालं की ऊन पडलं तरी बंद. पाच वाजता ऊन पडतंच. लगेच फोन सुरू होतात. तेव्हा एकाला हो म्हटलंत की पुढच्या वर्षीपर्यंत तुमच्या चार वाजताच्या शब्दाला किंमत नाही.

डबकी झाली की उत्साही बाबालोक गाडीतून झाडू काढतात आणि पाणी गवताकडे लोटतात. थांबवा त्यांना. पाण्याबरोबर चांगली माती गवताच्या कडेला जाऊन बसते, तिथे वरंबा तयार होतो, आणि जिथून माती गेली तिथला खळगा आणखी खोल होतो. पुढच्या पावसात तिथेच दुप्पट पाणी. वरंब्याला आदळून चेंडू उडतो तो वेगळाच. पाणी स्पंजने किंवा हातपंपाने उपसा, मग भाजलेल्या मातीचे बारीक दाणे थोडे पसरा. ते ओल शोषतात. सगळी पिशवी ओतू नका.

माती समतल करायची मॅट ओढताना ट्रॅक्टर सावकाश, अगदी चालण्याच्या वेगाने. वेगात ओढली तर लाटा उठतात आणि बारीक माती धूळ होऊन शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. गवताच्या कडेपासून फूटभर आत राहा, ती पट्टी हाताच्या दाताळ्याने करा. रोज एकाच बाजूने आत-बाहेर जाऊ नका, तिथे मातीचा ढीग साठतो. बेसमधल्या धावपट्टीवर दाताळं रेषेच्या दिशेने लांबीत चालवा, आडवं चालवलं की मध्ये नाली पडते.

मोजमापात चूक झाली तर अंपायर नाही, पण बारा वर्षांची मुलं पकडतात. मोठ्यांच्या बेसबॉलला बेसमध्ये ९० फूट, लहान मुलांच्या लिटल लीगला ६०. पिचर (चेंडू टाकणारा) उभा राहतो ती पट्टी होम प्लेटच्या (बॅट्समनजवळच्या पाटीच्या) मागच्या टोकापासून मोठ्यांना ६० फूट ६ इंच, लहानांना ४६ फूट. एकाच डायमंडवर वेगवेगळे संघ खेळणार असतील तर जमिनीत प्रत्येक अंतरावर लोखंडी खोबण्या पुरून ठेवा आणि वापरात नसलेल्यांना बूच लावा. काटकोन बरोबर आहे का ते कर्ण मोजून कळतं: ९० फुटांच्या डायमंडवर होमच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत १२७ फूट ३ इंचांहून किंचित जास्त, ६० फुटांच्यावर ८४ फूट १० इंच. मोठ्यांचा माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा, १९६९पासून १० इंच उंच असतो. त्याच्यावर पिचरच्या पायाने पडलेले खड्डे सैल मातीने भरू नका. सैल माती झाडून काढा, खड्डा ओला करा, चिकणमाती ठोकून बसवा आणि रात्री ताडपत्री.

रेषांना आपण मैदानावर फक्की मारतो तशीच इथेही मारतात. पण पिशवीवर काय लिहिलंय ते वाचा. चुनखडीची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चालेल. विरवलेला चुना चालणार नाही. घसरत येणाऱ्या मुलाच्या डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

गवताबद्दल फार बोलत नाही. अडीच-तीन इंचांवर कापा, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही, आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये नवं बी पेरा. दिसण्यापुरती तणनाशकं मारायला ऑन्टारिओत २००९पासून बंदी आहे, त्यामुळे पिवळी फुलं येणारच. दाट गवत हाच उपाय. कॅनडा गूज नावाचा पक्षी पोस्टाच्या तिकिटावर छान दिसतो, आउटफिल्डवर तो काय करून ठेवतो हे विचारू नका.

आठवड्यातून एकदा वही घेऊन सगळं मैदान पायी फिरा. कुंपणाच्या तळाशी वर वळलेली तार, बाकांचे सैल बोल्ट, डगआउटचं (खेळाडू बसतात त्या आडोशाचं) छप्पर, बॅकस्टॉपची (होम प्लेटमागच्या कुंपणाची) फाटलेली जाळी, काचा. जे दिसलं ते तारखेसकट लिहा आणि दुरुस्त झालं तेही लिहा. कुणी पडून वकिलाचं पत्र आलं की ती वही बोलते, तुम्ही नाही.

गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, सगळे गाड्यांत किंवा इमारतीत. डगआउट म्हणजे इमारत नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजायची, आणि मध्ये पुन्हा वाजलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आता क्रिकेट. आपली मंडळी, पंजाबी, तमिळ, सगळे येतात आणि मागणी रास्त आहे. पण डायमंडच्या इनफिल्डवर खेळू देऊ नका. स्टंप ठोकून आणि बॅट आपटून ती माती आठवडाभर उठत नाही. २२ यार्ड म्हणजे ६६ फुटांची कृत्रिम पट्टी काँक्रीटवर टाकून दोन फुटबॉल मैदानांच्या मधल्या जागेत बसवता येते. फुटबॉलच्या हंगामात त्या जागेला हात लागत नाही, क्रिकेटला दोन्ही मैदानं मिळतात. सीझनचा चेंडू असेल तर शेजारी पार्किंग आणि मुलांचं खेळघर किती लांब आहे ते आधी मोजा. जवळ असेल तर परमिटवर टेनिस बॉल लिहा. आमच्याकडे हे बसवताना कौन्सिलसमोर मी आकडे ठेवले होते, किती कुटुंबं दर शनिवारी पाऊण तास गाडी चालवून दुसऱ्या गावात खेळायला जातात त्याचे. भावनेवर एकही मत मिळालं नसतं.

ऑक्टोबरात मिटवताना घाई करू नका, पण पहिल्या कडक गोठणीच्या आत संपवा. बेस काढा, खोबण्यांना बुचं लावा, माउंड आणि होम प्लेटवर माती चढवून ताडपत्री बांधा. नळांचं पाणी बंद करा, आणि सिंचनाच्या पाइपांत कॉम्प्रेसरने हवा मारून शेवटच्या स्प्रिंकलरमधून नुसतं धुकं येईपर्यंत पाणी बाहेर काढा. आत राहिलेलं पाणी गोठलं की पाइप फुटतो, आणि ते मेमध्ये कळतं. पाण्याच्या मीटरचा आकडा वहीत टिपा.